भिकनची गाडी उंच का झाली

सकाळी नळावरून पाणी घेऊन आलेल्या प्रमिलाबाईंनी दारातल्या पिकअपकडे एकदा पाहिलं, कळशी खाली ठेवली आणि परत पाहिलं. गाडी त्यांचीच होती. नंबर तोच, काचेपुढची लिंबू-मिरची तीच, मागच्या फळीवरचं ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’ तेच. फक्त काल ज्या फळीवर त्यांनी ओली साडी वाळत टाकली होती, तिथपर्यंत आज हात पुरेना. टाचा उंच केल्या तेव्हा कुठे बोटं फळीला लागली.

“आयकी ऱ्हायनात का?” त्यांनी आत हाक मारली. “गाडीले काय व्हयनं?”

भिकन तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. “काय व्हयनं?”

“उच्ची व्हयनी ती.”

“मोठा टायर टाकात. कमानीले पाटा वाढायात. जंपर बी नवा.”

“कसाले?”

“रस्ता खराब शेतस,” भिकन म्हणाला आणि चूळ भरायला आत गेला.

इथेच त्याची चूक झाली. रस्ते खराब आहेत हे कारण काही वर्षांपूर्वी खपून गेलं असतं. पण प्लेग येऊन गेल्यापासून सुरतेने असा काही झाडू हातात घेतला होता, की जुन्या माणसांना आपलंच घर सापडेना. रस्ते रुंद झाले, खड्डे बुजले, वर गुळगुळीत डांबर पडलं. भेस्तानच्या लूमवरून कापडाचे ताके मार्केटला पोचवणं हा भिकनचा धंदा, आणि गाडीतलं पाणीसुद्धा हिंदकळत नाही असं त्यानेच मागल्या महिन्यात चारचौघांत सांगितलं होतं. प्रमिलाबाईंनी कळशी उचलून आत नेली. पण ज्या बाईला नवऱ्याचं उत्तर पटत नाही आणि तरी ती गप्प बसते, तिच्या घरात पुढचे आठ दिवस काही खरं नसतं.

खरं कारण तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण तुम्ही ते शेजारच्या सुभद्राबाईंना सांगायला जाणार नाही.

प्रमिलाबाईंचं माहेर साक्रीकडचं पिंपळबारी. फाट्यापासून कच्चा रस्ता आणि मध्ये नदी. उन्हाळ्यात नदीत पाणी नसतं, नुसती वाळू, आणि ती वाळू अशी की कोंबडी चालली तरी पाय शोधावा लागतो. खानदेशात लेकीबाळींचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळीला एखादी लेक आली नाही तर चालतं, आखाजीला भाऊ न्यायला जातो आणि लेक येतेच. भिकनने नवी पिकअप घेतली त्या वर्षी तो मेहुण्याला, लोटूला, म्हणाला, “तू कशाला एसटीचे धक्के खातोस? तुझ्या बहिणीला मीच गाडीतून आणतो.” आणलं की. नदीच्या बरोबर मध्यापर्यंत आणलं. तिथे गाडी जी बसली ती लोटूने बैल जुंपेपर्यंत उठली नाही. सगळा गाव काठावर जमला होता. साखळी सोडताना लोटू एवढंच म्हणाला, “दाजी, गाडी सुरतनी शे, पन बैल आम्हनाच लागनात.”

गाव हसलं. त्या दिवशी जावयाच्या ताटात खापरावरचे मांडे होते, आमरस होता, पण भिकनला घास गोड लागला नाही. पुन्हा या गावात येईन तर स्वतःच्या चाकांवर, नाहीतर येणारच नाही, असं तो सासरच्या ओट्यावर उभा राहून बोलून बसला. बोलताना माणसाला वाटतं आपण गावाला सुनावतोय, पण त्याचा चटका घरच्या बाईला बसतो. त्यानंतर लोटू दर वर्षी न्यायला येई आणि रिकाम्या हाताने परत जाई, कारण नवऱ्याला सोडून गेलं की आयाबाया पुन्हा त्याच बैलांची गोष्ट काढणार. प्रमिलाबाई आखाजीला सुरतेतल्या नवागामच्या खोलीतच मांडे करत, आणि मांडा दर वेळी हातातच फाटे. फाटलेला मांडा त्या बाजूला ठेवत आणि दुसरा घेत. भिकनला ते दिसत होतं.

म्हणून तो यंदा कामरेजच्या हेमराज मिस्त्रीकडे गेला आणि “वाळूतून निघेल अशी करून दे,” म्हणाला. हेमराजने मोठे टायर टाकले, चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या कमानीत पोलादी पाटे वाढवले आणि वर सल्ला दिला, “हवा टाइट ठेव.” हे सगळं बायकोला सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुन्हा रुतलो तर? निदान कशासाठी एवढा खटाटोप केला हे तरी कुणाला कळू नये. पुरुषाचं नाक एवढंसं असतं, पण त्याला सांभाळायला घरदार लागतं.

दुपारी सुभद्राबाई डाळ निवडायला येऊन बसल्या. या जालन्याकडच्या. त्यांची बातमी नेहमी अर्धी असे, पण बारकी कधी नसे.

“प्रमिले, मला बोलायचं नाय,” त्यांनी सुरुवात केली. “पण तुझ्या मालकाची गाडी एवढी वर का गेली गं?”

“रस्ते खराब आहेत म्हणतात.”

“कुठले?”

प्रमिलाबाईंनी डाळीतला एक खडा बाजूला काढला.

“मग मी सांगते. पाटे वाढवले ना, की कितीबी माल भर, गाडी खाली बसत नाय. पोलिसाला वाटतं रिकामीच चाललीय. माझ्या भाच्याच्या शेजारी एक होता असा. दमणहून बाटल्या आणायचा. आता आत बसलाय.”

गुजरातेत दारूबंदी आणि दमण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं.

“आमचे हे विडीसुद्धा ओढत नाहीत,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“विकणारा कशाला पितोय? हलवाई कधी पेढे खाताना बघितलाय का?”

प्रमिलाबाईंनी निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली.

रविवारी भिकन गाडी घेऊन गेला तो संध्याकाळी आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपलांत वाळू, टायरांच्या खाचांत वाळू. कामरेजला तापीच्या काठावर तो गाडी वाळूतून चालवायचा सराव करून आला होता. काठाची वाळू ओली आणि घट्ट, त्यामुळे गाडी झकास चालली आणि भिकन खूश होता.

“कथा गयथात?”

“कामरेजले.”

“काय काम व्हतं?”

“गाडीनं.”

प्रमिलाबाईंनी अंगणातली वाळू झाडून एका बाजूला केली. सुभद्राबाईंनी ती पायाने उकरून पाहिली. “वाळू कुठं असती? समुद्राला. समुद्र कुठं हाय? दमणला. मला बोलायचं नाय.”

आता संशयाचं असं असतं, की तो एकटा राहत नाही, सोबत जमवतो. भेस्तानच्या शेठचं उदाहरण घ्या. गाडीत ताके किती चढले याचा अंदाज शेठ इतकी वर्षं मागचं चाक किती दबलं यावरून करत आला होता. त्या आठवड्यात पूर्ण माल भरला तरी गाडी जिथल्या तिथे, तसूभरही बसली नाही. शेठ तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

“भिकनभाई, गाडी बेसती केम नथी?”

“पाटे वाढवले, शेठ.”

“केम?”

“रस्ते खराब आहेत.”

शेठने बाहेरच्या नव्याकोऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मग भिकनकडे पाहिलं आणि सगळे ताके उतरवून पुन्हा मोजायला लावले. ते बरोबर भरले, तेव्हा तो जास्तच काळजीत पडला. पुढे नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली. वर ताडपत्री बांधलेली, मागे माल दिसतोय आणि गाडी तर रिकामी असल्यासारखी ताठ, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने ताक्यांमध्ये हात घातला, पाण्याची बाटली हुंगली, रेडिएटरचं झाकण काढून हुंगलं आणि शेवटी भिकनचं तोंड हुंगलं. कशालाच वास नाही. “कुछ तो है,” असं म्हणून त्याने जायला सांगितलं. नवागामात ही बातमी भिकनच्या आधी पोचली, आणि पोचेपर्यंत पोलिसांनी भिकनची गाडी पकडली असं तिचं रूप झालं होतं.

त्या दिवशी प्रमिलाबाई खरोखर घाबरल्या. हा माणूस आत गेला तर घर कसं चालायचं हा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा दुसरा होता. ज्याच्याबरोबर इतका संसार केला तो आपल्याशी तोंडावर खोटं बोलतो, याचं त्यांना रडू येत होतं. धुवायला काढलेला त्याचा शर्ट त्यांनी नाकाशी नेला. ग्रीसचा वास आला. सुभद्राबाई म्हणाल्या, “वास दाबायला ग्रीसच लावत्यात.”

आणि अशा वेळी भिकन जेवता जेवता म्हणाला, “आखाजीले तुना माहेरले जाऊत. गाडीवरच.”

चार वर्षं प्रमिलाबाई या एका वाक्याची वाट पाहत होत्या. ते असं अचानक ताटात पडलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दमणच आलं.

“आतेच कसं काय आठवनं?”

“असंच.”

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी डोक्याला हात लावला. “अगं, बाईमाणूस पुढं बसलं की नाक्यावर गाडी कोण थांबवतंय? तुला माहेरी नेत नाय तो. तुला पडदा म्हणून नेतोय.”

प्रमिलाबाईंनी रात्रभर विचार केला आणि जायचं ठरवलं. पण डोळे उघडे ठेवून. निघण्याआधी त्यांनी सीटखाली पाहिलं, ताडपत्री झटकली, स्टेपनीच्या मागे हात घालून पाहिला. भिकनला वाटलं, माहेरी जायचं म्हणून बाई गाडी साफ करतेय.

वाटेत प्रत्येक पुलावर तो वाकून खालची वाळू बघत होता. नवापूरच्या नाक्यावर त्याला घाम फुटला होता. घाम नदीच्या विचाराने फुटला होता, पण प्रमिलाबाईंनी त्याची नोंद वेगळ्या खात्यात केली. पिंपळबारीच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथे त्याने गाडी लिंबाखाली लावली.

“तू आठे बठ. मी जरा नदी देखी येस.”

“नदीमा काय देखनं शे?”

“असंच,” तो म्हणाला आणि निघाला. तेवढ्यात पलीकडून डोक्याला फडकं गुंडाळलेला एक माणूस आला. दोघं काहीतरी बोलले. त्या माणसाने हाताने डावीकडे दाखवलं, मग उजवीकडे, मग कमरेइतकी उंची दाखवली. भिकनने मान हलवली आणि दोघं जोडीने नदीकडे उतरले. तो माणूस मेंढ्या चारणारा होता आणि कुठली वाळू घट्ट, कुठे कमरेइतका खड्डा आहे ते सांगत होता. पण टपरीवरून बघणाऱ्या प्रमिलाबाईंना सौदा दिसला.

म्हणजे माल इथे भरणार होते. त्यांच्या माहेरच्या नदीत, त्यांच्या भावाच्या गावाच्या नाकासमोर. भीती होती तिथे आता संताप आला. पोलिसाला फोन करावा तर नवरा, गप्प बसावं तर माहेर. त्या उठल्या, गाडीला वळसा घालून मागच्या चाकापाशी बसल्या आणि अंबाड्यातला आकडा काढला. ड्रायव्हरच्या बायकोला हवा कुठून जाते ते सांगावं लागत नाही. माल भरा म्हणावं खुशाल, गाडी हलली तर ना. फुस्स करून हवा जाऊ लागली. एक चाक अर्धं झालं की त्या दुसऱ्याकडे सरकत. चहावाला बघत होता. त्याला त्या म्हणाल्या, “तुम्ही चहा करा.” चौथं चाक होत आलं तेव्हा भिकन चढ चढून येताना दिसला. त्यांनी वाकडा झालेला आकडा कसाबसा अंबाड्यात खोचला आणि जागेवर जाऊन बसल्या.

भिकनचा चेहरा पडला होता. नदीतली वाळू ओली नव्हती, घट्टही नव्हती. पिठासारखी भुसभुशीत होती. त्याला टायर दिसले नाहीत, रस्ता दिसला नाही, फक्त काठावर हसणारं गाव दिसत होतं. त्याने मुकाट्याने गाडी सुरू केली.

“स्टेरिंग जड लागी ऱ्हायनं,” तो म्हणाला.

प्रमिलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आता गाडी कुठे वळेल, कोण माल घेऊन येईल, म्हणून त्यांचा डोळा हलत नव्हता. पण गाडी कुठे वळली नाही, कुणी आलं नाही. मेंढपाळाने नुसता हात वर केला आणि तो मेंढ्यांमागे गेला. समोर नदी आली. पलीकडच्या काठावर अर्धा गाव उभा होता, आणि सगळ्यांच्या पुढे लोटू, बैलांची जोडी धरून. दाजी गाडीवर येतायत असा निरोप मिळाल्यावर त्याने बैल धुऊन, शिंगं रंगवून तयार ठेवले होते.

प्रमिलाबाईंच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. उंच टायर, पाटे, कामरेजची वाळू. अगं बाई, हा माणूस खरंच माहेरी घेऊन चालला होता, आणि आपण त्याची हवा काढून ठेवली. आता गाडी रुतणार, बैल येणार, लोटू तेच वाक्य पुन्हा बोलणार आणि या जन्मात पुन्हा आखाजी नाही. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर भिकनने सप्तशृंगीचं नाव घेऊन गाडी वाळूत घातली होती.

गाडी डुलली, कण्हली आणि चालत राहिली. अर्धी हवा गेलेले ते मोठे टायर वाळूवर उंटाच्या पायासारखे पसरले आणि गाडीला वरच्या वर घेऊन गेले. जिथे मागे चाक बसलं होतं ती जागा गेली, मधला भाग गेला, समोरचा काठ जवळ आला. भिकनने श्वास सोडला तेव्हा पुढची चाकं पलीकडे चढली होती. लोक बाजूला झाले. बैल जरा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं.

लोटू गाडीभोवती फिरला. वाळू वाहणारे ट्रॅक्टर अर्धी हवा काढून नदीत उतरताना त्याने बघितले होते. “दाजी, हवा काढीसन उनात? हुशार व्हई गयात.”

भिकनने खाली पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तिचा अंबाडा एका बाजूला कलला होता आणि त्यातून वाकडा आकडा बाहेर आला होता. लोकांसमोर तो म्हणाला, “मंग. ड्रायव्हर कोन शे?”

दुपारी मांडे झाले, रस झाला, जावयाने मागून घेऊन खाल्लं. प्रमिलाबाई लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसल्या होत्या, चार वर्षांनी. बाया पाणी प्यायला आत गेल्याचं बघून भिकन जवळ आला.

“हवा तूच काढी ना?”

प्रमिलाबाईंनी पाय टेकून झोका थांबवला आणि सगळं सांगितलं. सुभद्राबाई, बाटल्या, शर्टाचा वास, मेंढपाळ.

“दमण?” भिकन म्हणाला. “माले दमणना रस्ता बी माहित नही.”

“मंग सांगं का नही?”

“परत फसतू तं? तुले काय तोंड दखाडतू?”

त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. आपण याच्यावर काय काय आळ घेतले, आणि हा बिचारा माझ्यासाठी वाळूत गाडी शिकत होता. त्यांनी झोक्यावर जरा सरकून जागा केली. भिकन बसला असता, पण त्याला आणखी एक बोलायचं होतं.

“पन गाडी निंघनी ती पाटासवर. हवानं काय व्हस?”

“काहीच नही,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

हे त्यांनी इतक्या पटकन कबूल केलं की त्याला शंका आली. तो तिथून निघाला, लोटूच्या सायकलचा पंप मागून आणला आणि गाडी पाट्यांवरच निघते हे दाखवायला पिकअपच्या टायरांत हवा भरायला बसला. सायकलच्या पंपाने पिकअपचा टायर भरणं म्हणजे वाटीने विहीर भरणं. तो संध्याकाळपर्यंत भरत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरत होता. गावातली पोरंसुद्धा पाळीपाळीने भरून दमली.

“दाजी, नदी वलांडी ल्या, मंग भरा,” लोटू म्हणाला.

“हेमराज मिस्त्रीनं टाइट सांगेल शे,” भिकन म्हणाला आणि वाजवून बघितलं तर टायर ढोलासारखे वाजले.

निघायच्या दिवशी गाडीत कुरडया, पापड, आंब्यांची टोपली आणि लोणच्याची बरणी चढली. लोटू सोडायला नदीपर्यंत आला. बैल सोबत होते. कशाला आणलेस असं बहिणीने विचारलं, तर म्हणाला, पाणी पाजायला. नदीत पाणी नव्हतं.

भिकनने गाडी ऐटीत वाळूत घातली. बरोबर मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली आणि गाडी हळूच खाली बसली. पाटे वाढवल्यापासून ती पहिल्यांदाच बसली होती. भिकनने इंजिन बंद केलं. काठावर लोटू उभा होता. त्याने फक्त साखळी खांद्यावरून खाली घेतली.

भिकनने आरशात साखळी पाहिली. मग नजर समोर ठेवून, बायकोकडे न बघता त्याने हात पुढे केला.

“तुना आकडा दे.”

प्रमिलाबाईंनी अंबाड्याला हात लावला. “कसाले?”

“रस्ता खराब शेतस,” भिकन म्हणाला.